तांदळाच्या घरातला मुलगा

भात आणि घोटी यांचे नाते नव्याने सांगायला नको. इगतपुरी तालुक्यात पाऊस धो धो कोसळतो, खाचरे तुडुंब भरतात, आवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास मुंबई-आग्रा रस्त्याने भाताच्या गाड्या घोटीच्या गिरण्यांकडे वळू लागतात. भात आत जातो, तांदूळ बाहेर येतो. तूस एकीकडे, कोंडा दुसरीकडे, कणी तिसरीकडे. माझे लहानपण या घरघरीत गेले. वडील भाताच्या व्यापारात होते. दाणा दाताखाली धरून तो किती वाळला आहे ते सांगत. मी मात्र शिक्षक झालो. मुलगा धंदा सोडून गेला म्हणजे घराण्याचे काय उरले, हा प्रश्न आमच्या ओट्यावर पुष्कळदा निघे. आज तो घोटीच्या घराघरांत आहे. कोणाचा मुलगा नाशिकला, कोणाचा मुंबईला, कोणाचा थेट परदेशात. मागे आईवडील, शेत, गिरणी आणि ही एकच रुखरुख.

म्हणूनच जपानमधल्या एका मुलाची कथा मला कधीपासून लिहायची होती. त्याचे नाव मासाताका ताकेत्सुरू. तोही तांदळाच्याच घरातला. फरक एवढाच, की त्याच्या घरी तांदळाचा भात करून विकत नसत, तांदळापासून साके नावाचे मद्य करत.

ही कथा दारू करणाऱ्या माणसाची आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरातल्या सर्वांनी वाचायच्या पानावर असा माणूस कशाला, असे एखाद्या आजीला वाटेल, आणि तिचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. दारूने उठलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मतदान करून गावातली बाटली आडवी करणाऱ्या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. मी स्वतः त्या वाटेला गेलो नाही. पण हा माणूस मला दिसतो तो पेल्यातून नव्हे, तर त्याच्या घरातून. वडिलांचा धंदा, परक्या देशातली बायको, फसलेले प्रयत्न आणि वर्षानुवर्षे धरलेला धीर, हे सारे आपल्याही ओळखीचे आहे.

जपानच्या हिरोशिमा प्रांतात, सेतोच्या शांत समुद्राकाठी ताकेहारा नावाचे जुने गाव आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून येथे मिठागरे होती. मिठाच्या पैशावर गावात मोठमोठे वाडे उभे राहिले आणि मिठाच्या काही व्यापाऱ्यांनी जोडीला साकेचा धंदा धरला. ताकेत्सुरूंचे घराणे त्यांतलेच. १७३३ सालापासून हे घराणे साके करत आले आहे. आपल्याकडे वसईची मोहीम होण्याच्या आधीची ही गोष्ट! ताके म्हणजे बांबू आणि त्सुरू म्हणजे क्रौंच. घरामागच्या बांबूच्या बेटात क्रौंच पक्ष्यांनी घरटे केले, हा शुभशकुन मानून घराण्याने हे नाव घेतले, अशी आख्यायिका आहे. मिठागरे १९६० साली बंद झाली. लाकडी जाळ्यांच्या खिडक्यांचे ते वाडे मात्र सरकारने १९८२ साली संरक्षित ठरवले आणि ते आजही उभे आहेत.

साके होते कशी, हे गिरणीच्या गावातल्या माणसाला चटकन कळेल. आपण खायचा तांदूळ पांढरा करतो तेव्हा दाण्याचा साधारण दहावा भाग कोंड्यात जातो. साकेसाठी दाणा त्याहून कितीतरी अधिक घासतात. कधी तीस टक्के, तर उंची प्रकारासाठी निम्मा दाणा घासून काढतात. कारण दाण्याच्या बाहेरच्या भागात स्निग्धांश आणि प्रथिने असतात, त्यांनी चव बिघडते. आतला पिठूळ गाभा तेवढा हवा. मग तांदूळ धुवायचा, भिजवायचा, वाफवायचा. त्यातल्या काही भागावर कोजी नावाची बुरशी वाढवायची. ही बुरशी तांदळातल्या पिठाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. दोन्ही कामे एकाच पिंपात, एकाच वेळी चालतात. इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही म्हणून डब्याला गोधडी गुंडाळणाऱ्या गृहिणीला यातली नाजूक बाब कोणी शिकवायला नको. ऊब थोडी जास्त झाली, भांडे थोडे अस्वच्छ राहिले, की सारे आंबट.

ताकेहाराच्या परिसरात आणखी एक अडचण होती. तिथले पाणी मृदू. अशा पाण्यात आंबवण नीट चढत नाही, म्हणून चांगली साके तिथे व्हायची नाही, असे मानत. शेजारच्याच आकित्सु गावातल्या मिउरा सेंझाबुरो या गृहस्थाने वर्षानुवर्षे प्रयोग करून, कमी तापमानात सावकाश आंबवण्याची रीत बसवली आणि १८९८ साली ती पुस्तकात छापून सर्वांसाठी खुली केली. त्याच प्रांतात साइजो येथे साताके रिइची याने १८९६ साली शक्तीवर चालणारे तांदूळ सडण्याचे यंत्र तयार केले होते. साताके हे नाव भातगिरणीच्या धंद्यातल्या माणसाला नवे नाही. त्या कंपनीची यंत्रे आज जगभर चालतात. म्हणजे मासाताका जन्मला तो काळ आणि तो मुलूख असा होता, की आजूबाजूची साधी माणसे आपल्या धंद्यातली अडचण स्वतः सोडवत होती.

त्याचा जन्म २० जून १८९४ चा. लहानपणी तो जिन्यावरून पडला आणि नाकाला मोठी जखम झाली. त्यानंतर आपले घ्राणेंद्रिय तीक्ष्ण झाले, असे तो पुढे सांगे. खरेखोटे देव जाणे, पण त्या नाकाने त्याला जन्मभर पोसले. थोरल्या भावांनी वेगळ्या वाटा धरल्या, तेव्हा वडिलांची नजर याच्यावर स्थिरावली. साकेचे शास्त्र शिकावे म्हणून त्याला ओसाकाच्या तांत्रिक विद्यालयात घातले. तिथे मुलाचे मन पाश्चात्त्य मद्यांकडे ओढले गेले. १९१६ साली तो ओसाकाच्या सेत्सु शुझो या कंपनीत दाखल झाला. त्या काळी जपानात व्हिस्की म्हणून जे विकत, ते साध्या अल्कोहोलात रंग आणि वास घालून केलेले असे. कंपनीच्या मालकांनी ठरवले, की एका हुशार तरुणाला स्कॉटलंडला धाडून खरी विद्या आणावी. निवड झाली मासाताकाची.

ताकेहाराच्या घरात त्या दिवशी काय झाले असेल, याची कल्पना मुलाला परदेशी पाठवलेल्या कोणत्याही आईला करता येईल. पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा धंदा, हाताशी आलेला मुलगा, आणि तो निघाला समुद्रापार, दुसऱ्याचीच विद्या शिकायला. वडिलांनी अखेर परवानगी दिली. पुढे घराण्याचा साकेचा कारखाना नात्यातल्या माणसांनी चालवला. १९१८ च्या उन्हाळ्यात, पहिले महायुद्ध चालू असताना, चोवीस वर्षांचा मासाताका बोटीने निघाला आणि अमेरिकेमार्गे वर्षाअखेरीस ग्लासगोला पोचला.

विद्यापीठात रसायनशास्त्राचे वर्ग होते, पण व्हिस्की काही वर्गात होत नाही. एप्रिल १९१९ मध्ये त्याने लाँगमॉर्न या भट्टीचे दार ठोठावले. तिथे त्याला मोजके दिवस काम करू दिले. पुढच्या वर्षी कॅम्पबेलटाउन या बंदरगावातल्या हेझलबर्न भट्टीत त्याला काही महिने मिळाले. बार्लीला मोड कसे आणतात, पीट नावाच्या दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा धूर तिला कसा देतात, तांब्याच्या भट्टीत अर्क कसा चढतो, ओकच्या पिंपात तो वर्षानुवर्षे का ठेवतात, हे सारे त्याने वहीत टिपले, आकृत्या काढल्या, कामगारांच्या मजुरीची नोंदही केली. भट्टीच्या आत शिरून ती घासण्याचे काम इतर टाळत, ते हा आपण होऊन घेई, असे सांगतात. मला यात नवल वाटत नाही. साकेच्या घरात वाढलेल्या मुलाला धुणे-घासणे हेच निम्मे काम असते, हे ठाऊक होते. पुढे अनेक वर्षांनी एक ब्रिटिश मंत्री जपानला आले असता विनोदाने म्हणाले होते, की एका जपानी तरुणाने साध्या फाउंटनपेनने आमच्या व्हिस्कीचे सगळे गुपित नेले.

याच काळात ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉख या गावी कोवन नावाच्या डॉक्टरांच्या घरी त्याचे जाणे-येणे सुरू झाले. निमित्त, घरातल्या धाकट्या मुलाला जुजुत्सु शिकवण्याचे. त्या घरातली थोरली मुलगी जेसी रॉबर्टा, म्हणजेच रिटा. तिचे ज्याच्याशी लग्न ठरले होते, तो तरुण युद्धात गेला होता. घरावर दुःखाची छाया होती आणि हा एकटा, परका पाहुणा होता. दोघांचे मन जुळले. नाताळच्या पुडिंगमध्ये नाणे आणि अंगुस्तान लपवण्याची तिकडे चाल आहे. नाणे सापडेल त्याला पैसा, अंगुस्तान सापडेल त्या मुलीचे लग्न. नाणे त्याला आले आणि अंगुस्तान तिला, अशी गोष्ट सांगतात.

दोन्ही घरांतून विरोध झाला. ८ जानेवारी १९२० रोजी दोघांनी ग्लासगोच्या नोंदणी कार्यालयात लग्न केले. ना मांडव, ना वऱ्हाड. बायकोसाठी स्कॉटलंडातच राहण्याची त्याची तयारी होती. पण त्याने आपल्या देशात व्हिस्की करायची आहे, तर आपणच तिकडे जायचे, असे रिटाने ठरवले.

आणखी एक योगायोग मला विलक्षण वाटतो. रिटाच्या या माहेरगावाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मतदान करून दारूची सारी दुकाने बंद केली आणि ती बंदी १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. आपल्याकडे बाटली आडवी होते, तशीच तिकडेही झाली होती. त्या गावची लेक मात्र व्हिस्कीच्या मागे वेड्या झालेल्या माणसाबरोबर अर्धे जग ओलांडून निघाली.

१९२० च्या नोव्हेंबरात दोघे जपानला पोचले, आणि इथून फजितीचा काळ सुरू झाला. युद्धानंतरची मंदी आली होती. ज्या कंपनीने स्कॉटलंडला धाडले, तिच्याकडे भट्टी उभारायला पैसा उरला नव्हता. १९२२ साली मासाताकाने नोकरी सोडली. एवढी विद्या घेऊन आलेला माणूस शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवू लागला. रिटाने इंग्रजी आणि पियानोच्या शिकवण्या धरल्या. घर चालले ते दोघांच्या मास्तरकीवर.

१९२३ साली दार उघडले. कोतोबुकिया या कंपनीचे मालक शिंजिरो तोरी गोड द्राक्षमद्य विकून श्रीमंत झाले होते. एका उन्हाळ्यात अनेक दुकानांत द्राक्षमद्याच्या बाटल्या आत राहिलेल्या यीस्टमुळे फुटल्या, पण मासाताकाने पूर्वीच्या नोकरीत तयार केलेल्या बाटल्या फुटल्या नाहीत, कारण त्याने जंतुनाश कसून केला होता. तेव्हापासून तोरींच्या मनात हे नाव होते, असे सांगतात. पुन्हा तेच, ताकेहाराच्या घरातले धुणे-घासणे! दहा वर्षांचा करार झाला, वर्षाला ४,००० येन पगार ठरला आणि क्योतो व ओसाका यांच्या मधल्या यामाझाकी येथे जपानमधली पहिली खरी व्हिस्कीची भट्टी उभी राहिली.

१९२९ साली तिथली पहिली बाटली बाजारात आली. ती लोकांना आवडली नाही. तिला धुराचा वास येतो, अशी तक्रार होती. मासाताकाचे म्हणणे, व्हिस्की अशीच असते. तोरींचे म्हणणे, जपानी माणसाच्या जिभेला रुचेल ती करू. यात कोण बरोबर? मला वाटते दोघेही. तोरींनी पुढे रुचेल अशी व्हिस्की करून दाखवली आणि त्यांची कंपनी आज सन्तोरी या नावाने जगभर ओळखली जाते. मासाताकाला मात्र स्कॉटलंडसारखी थंड हवा, दमट वारा आणि पीटचा मुलूख हवा होता. १९३४ साली, वयाच्या चाळिशीत, त्याने ती पगाराची नोकरी सोडली आणि उत्तरेच्या होक्काइदो बेटावर योइची या समुद्रकाठच्या गावी बिऱ्हाड हलवले.

व्हिस्कीच्या धंद्यात एक मोठी मेख आहे. आज गाळली तर विकायला कित्येक वर्षांनी मिळते. तोवर खायचे काय? योइची सफरचंदांचे गाव. त्याने कंपनी काढली ती सफरचंदाच्या रसाची. शेतकऱ्यांची फळे विकत घेतली आणि पाण्याचा थेंब न घालता निव्वळ रस बाटलीत भरला. तो महाग पडला आणि फारसा खपला नाही. तरी कंपनी तगली. १९३६ साली तांब्याची पहिली भट्टी बसली आणि १९४० साली पहिली व्हिस्की निघाली. कंपनीच्या नावातल्या दोन अक्षरांवरून तिचे नाव निक्का पडले. घर सोडल्याला बावीस वर्षे झाली होती.

या साऱ्यात रिटाने काय दिले, ते व्हिस्कीच्या बाटलीवर कुठे लिहिलेले नसते. ती जपानी बोलायला शिकली, किमोनो नेसली, मुळ्याची आणि आलुबुखारची लोणची स्वतः घालू लागली. ओसाकाला ती ज्या घरांत इंग्रजी शिकवायला जाई, तिथल्या ओळखींतून योइचीच्या कंपनीला भांडवल मिळायला मदत झाली. मूल दत्तक घेतले. आणि मग १९४१ च्या डिसेंबरात जपान व ब्रिटन युद्धात समोरासमोर आले. ज्या गावात ती भाजी आणायला जाई, त्याच गावात ती शत्रूच्या देशाची बाई ठरली. पोलिसांची पाळत लागली. घरावरच्या रेडिओच्या तारेवरूनही संशय घेतला गेला. नवऱ्याच्या कारखान्याला नौदलाकडून मागणी होती, म्हणजे धंदा चालू होता, आणि त्याच घरात ती बाहेर पडायला कचरत होती. सासरी आलेल्या परगावच्या मुलीला वर्षानुवर्षे परकीच मानणारी घरे आपल्याकडेही आहेत. रिटाला एका अख्ख्या देशाने तसे मानले. ती गेली नाही, राहिली.

१७ जानेवारी १९६१ रोजी, चौसष्टाव्या वर्षी ती गेली. मासाताकाने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि अंत्यविधीलाही तो बाहेर आला नाही, असे सांगतात. त्यानंतर बेतलेली, १९६२ साली निघालेली व्हिस्की त्याने तिच्या आठवणीतून केली. १९६९ साली सेंदाईजवळ त्याने दुसरी भट्टी उभारली. २९ ऑगस्ट १९७९ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. योइचीच्या टेकडीवर, भट्टी दिसेल अशा जागी, दोघांना एकत्र पुरले आहे.

योइचीच्या व्हिस्कीला २००१ साली एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले स्थान मिळाले. २००४ साली बेंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाच्या अमृत डिस्टिलरीजने आपली सिंगल माल्ट व्हिस्की प्रथम विकायला आणली, ती ग्लासगोतच. एका आशियाई तरुणाने जिथे वही उघडली होती, तिथे आता आशियातली बाटली जाऊ लागली. २०१४ साली जपानी दूरचित्रवाणीने या जोडप्यावर रोज सकाळची मालिका केली आणि घराघरांत त्यांची नावे पोचली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. मुलगा निघून गेला, मग ताकेहाराच्या घराण्याचे काय उरले?

पहिली गोष्ट, घर बुडाले नाही. नात्यातल्या माणसांनी चालवलेला तो साकेचा कारखाना आजही ताकेहाराच्या जुन्या पेठेत चालू आहे. कोजीने साके करण्याची ही पारंपरिक विद्या डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. गादीवर अमुकच मुलगा बसला पाहिजे, हा आग्रह घराने सोडला म्हणून कदाचित हे झाले.

दुसरी गोष्ट योइचीला दिसते. तिथल्या तांब्याच्या भट्ट्यांच्या गळ्यात भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर बांधलेला असतो आणि त्याला पांढरे कागद लटकवलेले असतात. असा दोर स्कॉटलंडच्या कोणत्या भट्टीवर नसतो. तो साकेच्या घरातला. खंडेनवमीला आपण गिरणीच्या यंत्राला झेंडूची माळ घालतो, तसाच तो भाव. सातासमुद्रापलीकडची विद्या आणली, बार्ली आणली, पीट जाळले, पण भट्टीच्या गळ्यात घातला तो घरच्या तांदळाचा पेंढा.

आईवडिलांच्या हाती मुलाचा धंदा नसतो. हात धुऊन कामाला लागणे, भांडे आतून घासणे आणि पिकेपर्यंत झाकण न उघडणे, एवढे मात्र त्यांच्या हाती असते. ताकेहाराच्या घराने ते दिले आणि मुलगा ते घेऊन गेला. त्याची किंमत काही अंशी दूरदेशीच्या एका मुलीने मोजली, हेही हिशेबात धरायला हवे. योइचीच्या लोकांनी ते धरले आहे. स्टेशनाजवळच्या मुख्य रस्त्याला त्यांनी रिटाचे नाव दिले आहे, आणि ज्या गावाची ती लेक होती त्या कर्किंटिलॉखच्या परिसराशी योइचीने १९८८ साली जुळ्या गावांचे नाते जोडले आहे.